गिटार नसलेला गिटारवादक : यान हॅमरच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

१९७३ साल संपता संपता महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा न्यूयॉर्कमधील पाच जणांचा वाद्यवृंद फुटला, तेव्हा त्यातला कीबोर्डवादक यान हॅमर २५ वर्षांचा होता. जॅझ पियानोवादक म्हणून घडलेला हा तरुण त्याआधीची सुमारे अडीच वर्षे रॉकच्या श्रोत्यांसमोर आणि रॉकच्याच दणदणाटात वाजवत होता. त्यांची 'बर्ड्स ऑफ फायर' ही ध्वनिमुद्रिका त्या वर्षी अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत चढली होती. तीत शब्द नव्हते, ताल विषम मात्रांचे होते, आणि अशा संगीताचा एवढा खप तेव्हाही नवलाचाच मानला गेला. या उंचीवरून अचानक खाली उतरावे लागलेल्या पियानोवादकाने पुढे कोणती वाट धरावी, हा या प्रकरणातला प्रश्न आहे. हॅमरबद्दल लिहिताना त्याने जॅझ सोडून रॉक धरला असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. रॉक वाद्यवृंदात गिटारवादकाची जी जागा असते, ती पियानोवादकाने मिळवायची, असा त्याचा खटाटोप होता, आणि पुढच्या बारा वर्षांतले त्याचे बहुतेक निर्णय त्यातूनच उलगडतात.

हॅमरचा जन्म १७ एप्रिल १९४८ रोजी प्रागमध्ये झाला. आई व्लास्टा प्रूखोवा ही चेकोस्लोव्हाकियातील नामवंत जॅझ गायिका होती. वडील डॉक्टर होते आणि तेही हौसेने बास आणि व्हायब्राफोन वाजवत. त्यामुळे जॅझ त्याला शोधायला जावे लागले नाही, ते घरातच होते. शाळकरी वयात त्याने मिरोस्लाव आणि अ‍ॅलन विटोउश या भावांबरोबर त्रिकूट जमवले. यांतला मिरोस्लाव पुढे 'वेदर रिपोर्ट' या वाद्यवृंदाचा संस्थापक बासवादक झाला. पुढे हॅमर प्रागच्या संगीत अकादमीत शिकत असताना ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले. त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिकमधील 'डोमिसाइल' या जॅझ क्लबमध्ये त्याच्या त्रिकुटाची ध्वनिमुद्रिका झाली. बासवर त्याचाच देशबांधव जॉर्ज म्राझ होता आणि ड्रमवर केस से हा डच वादक. ती आज ऐकली तर वीस वर्षांचा, हातात भरपूर वेग असलेला, पण पूर्णपणे परंपरेत बसलेला जॅझ पियानोवादक ऐकू येतो. त्यानंतर तो मायदेशी न परतता बॉस्टनच्या बर्कली विद्यालयात गेला आणि पुढे वर्षभर सारा व्हॉन या थोर गायिकेच्या साथीला राहिला.

साथीचा हा काळ चरित्रांत एका ओळीत उरकला जातो, पण या प्रकरणात तो महत्त्वाचा आहे. गायिकेला साथ करणारा पियानोवादक रोज रात्री एकच गोष्ट कानात साठवत असतो : लांबवलेला, हेलकावणारा, एका सुरातून दुसऱ्या सुरात घसरत जाणारा मानवी आवाज. तो आवाज स्वतःच्या वाद्यातून काढता येत नाही, हेही त्याला रोज रात्री कळत असते.

महाविष्णूमधली अडीच वर्षे

जॉन मॅक्लॉक्लिन या इंग्लिश गिटारवादकाने १९७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा वाद्यवृंद उभा केला. 'महाविष्णू' हे नाव त्याला त्याचे बंगाली गुरू श्री चिन्मय यांनी दिले होते. पाच जणांपैकी शिष्यत्व त्या एकट्याचेच होते. ड्रमवादक बिली कॉबम, व्हायोलिनवादक जेरी गुडमन, बासवादक रिक लेअर्ड आणि हॅमर यांना त्या साधनेत रस नव्हता, आणि ही दरी पुढे वाढतच गेली. मॅक्लॉक्लिनला भारतीय लयीची ओढ होती. 'बर्ड्स ऑफ फायर' या शीर्षक रचनेचे आवर्तन १८ मात्रांचे आहे. असे ताल गिटार, व्हायोलिन आणि कीबोर्ड या तिघांनी भरधाव वेगात एकसुरात वाजवायचे आणि मग आळीपाळीने एकमेकांना उत्तरे द्यायची, ही या वाद्यवृंदाची रीत होती. आपल्या जुगलबंदीचे कान असलेल्या श्रोत्याला ती लगेच ओळखीची वाटते, आणि पुढे मॅक्लॉक्लिनने माहीमच्या झाकीर हुसेन यांच्यासह 'शक्ती' हा वाद्यवृंद उभारला तो याच ओढीपोटी.

पण सवाल-जवाबात हॅमरची पंचाईत होती. गिटार आणि व्हायोलिन या दोन्ही वाद्यांवर सूर ताणता, खेचता, थरथरवता येतो. पियानोवर येत नाही. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत तो फेंडर ऱ्होड्स हा विजेवरचा पियानो वाजवत होता, आणि त्याचा नाद रिंग मॉड्युलेटर नावाच्या यंत्रातून मुद्दाम विस्कटून घेत होता. आवाज त्यामुळे कर्कश आणि चमकदार झाला, पण सूर पट्टीला जखडलेलाच राहिला. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेपर्यंत त्याच्या हाती मिनिमूग हा छोटा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारे पट्ट्यांचे वाद्य, आले होते.

फूट पडण्याचे कारण मात्र वाद्याचे नव्हते. प्रसिद्ध झालेल्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांवर रचनाकार म्हणून केवळ मॅक्लॉक्लिनचे नाव होते, आणि बाकीच्यांना आपल्याही रचना घेतल्या जाव्यात असे वाटत होते. जून १९७३ मध्ये लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत तिसरी ध्वनिमुद्रिका तयार करताना हॅमर, गुडमन आणि लेअर्ड यांच्या रचना घेतल्या गेल्या, पण वाद विकोपाला गेला आणि ते मुद्रण तसेच पडून राहिले. बाजारात आले ते थेट १९९९ मध्ये. हॅमरची 'सिस्टर अँड्रिया' ही रचना त्यात आहे. मॅक्लॉक्लिनच्या रचनांच्या शेजारी ती ऐकली की फरक चटकन कळतो : तिची चाल रांगडी आहे, ताल जमिनीवर पाय रोवून चालतो, आणि तिच्यात ध्यानधारणेपेक्षा नाचाची ओढ अधिक आहे. महाविष्णूच्या आत एक निराळा, अधिक रॉकच्या अंगाचा संगीतकार वाढत होता, याचा तो पुरावा आहे.

समोरच्या वाटा

१९७४ च्या सुरुवातीला हॅमरसमोर वाटा होत्याच. सरळ जॅझकडे परतणे ही एक. आणि ती त्याने पूर्ण टाकलीही नाही, कारण त्याच वर्षी जॉन अ‍ॅबरक्रॉम्बी हा गिटारवादक आणि ड्रमवादक जॅक डीजॉनेट यांच्यासह त्याने 'टाइमलेस' ही अतिशय सुंदर ध्वनिमुद्रिका केली, ज्यात तो ऑर्गन, पियानो आणि सिंथेसायझर वाजवतो. दुसरी वाट जॅझ पियानोवादक हर्बी हॅन्कॉकने नुकतीच दाखवली होती. त्याच्या 'हेड हंटर्स' या ध्वनिमुद्रिकेने १९७३ मध्ये फंक या नाचऱ्या संगीताच्या ठेक्यावर जॅझ आणून ठेवले आणि ते प्रचंड खपले. पियानोवादक चिक कोरियाचा 'रिटर्न टू फॉरेव्हर' हा वाद्यवृंद तिसऱ्या दिशेने, रॉकच्या वेगात पण गुंतागुंतीच्या रचनांकडे निघाला होता. हॅन्कॉक आणि कोरिया हे दोघेही सिंथेसायझर वाजवत. तरी ते मनाने पियानोवादक राहिले. त्यांच्या वाद्यांचे रंग बदलले, पण विचार स्वरसंघांतून, म्हणजे एकाच वेळी दाबलेल्या अनेक पट्ट्यांतून चालत राहिला.

हॅमरने नेमका तोच विचार बाजूला ठेवला, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

मराठी वाचकाला पट्टीच्या वाद्याची अडचण नव्याने सांगायला नको. पेटीवर मींड, म्हणजे सुरातून सुरात सलग घसरत जाणे, निघत नाही, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत सूरच नसतो, हा आक्षेप आपल्याकडे इतका मुरलेला होता की आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवले. गोविंदराव टेंब्यांपासून आपल्या पेटीवादकांनी त्यावर उत्तर शोधले ते बोटांच्या कसबातून : कणस्वर घेऊन, पट्टीवरून पट्टीवर बोट घसरवून, भात्याचा दाब कमीजास्त करून मींडीचा आभास निर्माण करायचा. हॅमरला मिनिमूगच्या रूपाने आभासाऐवजी खरी मींडच मिळाली, पण तिची किंमत मोठी होती.

मिनिमूग हे १९७० मध्ये बाजारात आलेले, ४४ पट्ट्यांचे छोटे वाद्य आहे. त्यातून एका वेळी एकच सूर निघतो. पट्टी जोरात दाबली काय आणि हळू दाबली काय, आवाज तेवढाच येतो. म्हणजे पियानोवादकाने बालपणापासून घोटलेला बोटांचा नाजूकपणा इथे निरुपयोगी ठरतो. दोन पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या तर त्यांतली खालच्या सुराची पट्टी वाजते. याचा परिणाम प्रत्यक्ष वादनात असा होतो, की पियानोवर सूर सलग वाटावेत म्हणून पहिले बोट उचलण्याआधीच दुसरे टेकवण्याची जी सवय असते, ती चढत्या तानेत घात करते : खालचे बोट सुटेपर्यंत वरचा सूर उमटतच नाही, आणि सगळी बोटे उचलल्याशिवाय नवा आघातही मिळत नाही. वाजवणाऱ्याला बोटांची चाल मुळापासून बदलावी लागते. पट्ट्यांच्या डाव्या बाजूला दोन चाके असतात. त्यांतले एक फिरवले की सूर वर किंवा खाली सरकतो, आणि बोट काढले नाही तर तो जिथे न्याल तिथे जातो.

हॅमरने हे चाक सजावटीसाठी वापरले नाही. गिटारवादक तार आधी ओढून धरतो, मग छेडतो आणि सूर खाली सोडत आणतो. कधी सूर गाठताना किंचित कमी पडू देतो आणि मग तो वर ढकलतो. लांबलेल्या सुराला शेवटी शेवटी कंप देतो. या प्रत्येक हालचालीची नक्कल नव्हे, तर समांतर हालचाल हॅमरने डाव्या हाताने बसवली. गिटारवर बोटांना सहज पोचतील अशाच अंतरांची वाक्ये त्याने निवडली, पियानोच्या लांबलचक ताना टाळल्या, आणि वाक्यांच्या मध्ये श्वास घेतल्यासारख्या जागा सोडल्या. वाद्याचा नादही तसाच घासलेला, विस्कटलेला ठेवला.

यात गमावले काय, तर डावा हात. जॅझ पियानोवादकाचा डावा हात म्हणजे त्याचा अर्धा मेंदू असतो. स्वरसंघ, बासची चाल, लयीला दिलेले टोमणे हे सारे तिथून येते. हॅमर सोलो वाजवू लागला की तो हात चाकावर अडकलेला असे. म्हणजे दोन हातांचा संपूर्ण वादक स्वखुशीने एकसुरी वादक झाला, जसा गायक असतो किंवा सनईवाला असतो. ज्या टीकाकारांनी त्याच्यावर उथळपणाचा ठपका ठेवला, त्यांनी त्याच्या संगीतातील स्वरसंघांची घट मोजली, पण त्या बदल्यात एकेका सुरावर केलेले काम मोजले नाही.

१९७५ मध्ये त्याची 'द फर्स्ट सेव्हन डेज' ही पहिली स्वतंत्र अमेरिकन ध्वनिमुद्रिका आली. तिच्या वेष्टनावर एक खुलासा छापलेला होता : या ध्वनिमुद्रिकेत गिटार नाही. हा खुलासा द्यावा लागणे हीच त्याच्या प्रयोगाची पावती होती, आणि त्यातच त्याची पुढची अडचणही दडलेली होती.

जेफ बेकच्या शेजारी

१९७६ च्या 'वायर्ड' या ध्वनिमुद्रिकेसाठी जेफ बेक या ब्रिटिश रॉक गिटारवादकाने हॅमरला बोलावले. तीतली 'ब्लू विंड' ही रचना हॅमरची आहे, निर्मिती त्याची आहे, सिंथेसायझर त्याचा आहे आणि ड्रमही त्यानेच वाजवले आहेत. तिच्यात बेक सोडला तर दुसरा माणूसच नाही. हॅमर उत्तम ड्रमवादक आहे ही गोष्ट फारशी बोलली जात नाही, पण ती लक्षात घेतल्याशिवाय त्याचा रॉककडचा ओढा समजत नाही. रॉकचा ठेका त्याने बाहेरून उचललेला नव्हता, त्याला तो हातापायांत वाजवता येत होता, आणि त्याच्या मिनिमूगच्या वाक्यांचे आघात ड्रमवादकाच्या डोक्यातून आलेले असतात.

बेक आणि हॅमर पुढे एकत्र दौऱ्यावर निघाले. वाद्यवृंद हॅमरचा होता. स्टीव्ह किंडलर व्हायोलिनवर, फर्नांडो सॉन्डर्स बासवर आणि टोनी स्मिथ ड्रमवर. १९७७ मध्ये निघालेल्या मैफलींच्या ध्वनिमुद्रिकेतल्या सात रचनांपैकी चार पूर्णपणे किंवा अंशतः हॅमरच्या आहेत. ती ऐकताना भल्याभल्यांना कोणते वाक्य तारेचे आणि कोणते चाकाचे हे सांगता येत नाही. पियानोवादकाने गिटारवादकाची जागा मिळवली होती. मात्र ज्या क्षणी ती पूर्ण मिळाली, त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या लेखी ती गिटारवादकाचीच राहिली. ध्वनिमुद्रिका घरी ऐकणारा श्रोता सगळे श्रेय बेकला देऊन मोकळा होई. मंचावर तरी हे चुकावे म्हणून, आणि कीबोर्डमागे उभे राहून गिटारवादकाशी बरोबरी होत नाही म्हणूनही, हॅमर गळ्यात अडकवायच्या कीबोर्डकडे वळला. तो अडकवून त्याला मंचाच्या पुढच्या कडेपर्यंत येता येऊ लागले. नंतर हे वाद्य पॉप संगीतात फॅशन म्हणून मिरवले गेले आणि थट्टेचा विषय झाले, पण मुळात ते एका खऱ्या गरजेतून आले होते.

बेकच्या १९८० मधील 'देअर अँड बॅक'साठी त्याने तीन रचना दिल्या. १९८१ आणि १९८२ मध्ये 'जर्नी' या लोकप्रिय रॉक वाद्यवृंदाचा गिटारवादक नील शॉन याच्याबरोबर त्याच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या मला सामान्य वाटतात. तिथे गाणी पुढे येतात आणि हॅमरचे वादन साचेबंद होते.

स्वतःच्या मालकीचा स्टुडिओ

या साऱ्याच्या खाली एक कमी झगमगाटाचा निर्णय होता, आणि तोच शेवटी निर्णायक ठरला. महाविष्णूतून बाहेर पडल्यावर हॅमरने न्यूयॉर्क शहरापासून दूर, ग्रामीण भागात घर केले आणि तिथेच 'रेड गेट' नावाचा स्टुडिओ थाटला. 'द फर्स्ट सेव्हन डेज' तिथेच घडली. ज्याला रचनांच्या श्रेयावरून आणि न निघालेल्या ध्वनिमुद्रिकेवरून पोळले होते, त्याने मुद्रणाची साधने आपल्या ताब्यात ठेवावीत यात नवल नाही. शिवाय पियानो, सिंथेसायझर आणि ड्रम तिन्ही वाजवणाऱ्या माणसाला दुसऱ्या कोणाची वाट पाहायचे कारणही उरत नव्हते.

सप्टेंबर १९८४ मध्ये एनबीसी वाहिनीवर 'मायामी व्हाइस' ही पोलिसी मालिका सुरू झाली. तोवर दूरचित्रवाणी मालिकांचे पार्श्वसंगीत बहुधा वादकांचा ताफा स्टुडिओत बसवून, आधीचे तुकडे पुन्हा पुन्हा वापरून केले जाई. निर्माता मायकेल मान याने हॅमरला दर भागासाठी नवे संगीत करण्याची मोकळीक दिली आणि संगीत कुठे हवे, कुठे नको हेही बऱ्याच अंशी त्याच्यावर सोपवले. दृश्यांची चित्रफीत रेड गेटला यायची, हॅमर ती पाहत पाहत फेअरलाइट या संगणकी वाद्यावर आणि सिंथेसायझरवर एकट्याने संगीत चढवायचा, आणि काही दिवसांत टेप परत जायची. चार वर्षे, आठवड्यामागून आठवडे हे चालले. जॅझवादकाला ऐन वेळी सुचवून वाजवण्याची जी सवय असते तिचा इतका रोखठोक उपयोग दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल. समोर साथीदार नसून गाडी चालवणारा, गप्प बसलेला एक पोलीस असे, एवढाच फरक.

मालिकेचे शीर्षकसंगीत नोव्हेंबर १९८५ मध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि मालिकेच्या संगीताची ध्वनिमुद्रिका ११ आठवडे अव्वल राहिली. शब्दांविना रचना त्या यादीत पहिली येणे त्यानंतर कित्येक वर्षे घडले नाही. १९८६ च्या ग्रॅमी समारंभात हॅमरला दोन पुरस्कार मिळाले, एक पॉप वाद्यवादनासाठी आणि एक वाद्यसंगीतातील रचनेसाठी. त्याच समारंभात रॉक वाद्यवादनाचा पुरस्कार जेफ बेकला 'एस्केप' या रचनेसाठी मिळाला. ती रचनाही हॅमरची होती.

हिशेबाची दुसरी बाजू जॅझची. १९८४ मध्ये, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षी, अ‍ॅबरक्रॉम्बीची 'नाइट' ही ध्वनिमुद्रिका निघाली, आणि तीत हॅमर डीजॉनेट आणि सॅक्सोफोनवादक मायकेल ब्रेकर यांच्याबरोबर वाजवतो. म्हणजे हात विसरलेले नव्हते. पण जॅझच्या जगाने त्याला आपल्यातून वजा केले होते, आणि दूरचित्रवाणीच्या श्रोत्याला त्याचे पियानोवादन ठाऊकही नव्हते. १९८७ मध्ये 'मायामी व्हाइस'मधलीच 'क्रॉकेट्स थीम' ही रचना युरोपात गाजली, ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पुढे तो संगणकी चलच्चित्रांसाठी आणि चित्रपटांसाठी काम करत राहिला, आणि स्वतःच्या रचनांची 'सीझन्स' ही ध्वनिमुद्रिकांची मालिका २०१८ मध्ये सुरू केली. अ‍ॅबरक्रॉम्बीबरोबर झाले तसे चार माणसांत बसून केलेले वादन मात्र तुरळक होत गेले. हा तोटा मोठा आहे असे मला वाटते, आणि तो त्याच्या स्टुडिओच्या यशातूनच आला : जिथे एकट्याने सगळे होते, तिथे दुसऱ्याच्या वाजवण्याने आपले वाक्य बदलण्याचा प्रसंगच येत नाही.

ज्यांना ही कारकीर्द कानाने तपासायची आहे त्यांनी म्युनिकचे त्रिकूट, 'टाइमलेस'मधील 'रेड अँड ऑरेंज' ही हॅमरची रचना आणि 'ब्लू विंड' ही तीन मुद्रणे याच क्रमाने ऐकावीत, आणि दर वेळी लक्ष उजव्या हातावर न ठेवता डावा हात काय करतो आहे याकडे द्यावे.